नकाशावरची रेषा आणि मालवणचा समुद्र

महाराष्ट्राच्या वन विभागाचे मुख्यालय नागपुरात, सिव्हिल लाइन्समधील वनभवनात आहे, आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ या कायद्याने ‘मुख्य वन्यजीव रक्षक’ या पदाला दिलेले अधिकारही याच शहरातून वापरले जातात. राज्यातील सहा व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, नवेगाव-नागझिरा आणि बोर हे पाच विदर्भात असल्यामुळे ही व्यवस्था स्वाभाविक वाटते. परंतु याच मुख्यालयाच्या अखत्यारीत एक असाही संरक्षित प्रदेश येतो, ज्याचा जवळजवळ सगळा विस्तार खाऱ्या पाण्याखाली आहे, जिथे पाणवठ्यावर बसून प्राणी मोजता येत नाहीत आणि जिथे वनरक्षकाला पायी गस्त घालता येत नाही. नागपूरपासून सरळ रेषेत सुमारे ८०० किलोमीटरवर, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य हा तो प्रदेश होय.

जंगल राखण्याचा जो अनुभव महाराष्ट्राने मिळवला, तो प्रामुख्याने सागाच्या आणि बांबूच्या रानात मिळवलेला आहे. त्या अनुभवातून तयार झालेला साचा, म्हणजे आधी सीमा ठरवणे, मग आतील हक्कांची चौकशी करणे आणि शेवटी गाभा व बफर असे दोन पट्टे पाडून त्यांची राखण करणे, हाच मालवणच्या समुद्राला लावण्यात आला. हा साचा समुद्रात कितपत चालतो, कुठे अडतो आणि त्यात कोणते बदल करायला हवेत, हे समजून घेण्यासाठी मालवणइतके उपयुक्त उदाहरण राज्यात दुसरे नाही. समुद्राचे संरक्षण टिकायचे असेल, तर तिथे पिढ्यान्‌पिढ्या मासे धरणाऱ्यांशी समजुतीचा करार आधी व्हावा लागतो आणि नकाशावरची रेषा त्यानंतर आखावी लागते. मालवणमध्ये हा क्रम उलटा झाला, आणि त्या उलट्या क्रमाची किंमत माशांनी व माणसांनी सारखीच मोजली आहे.

राखीव पाण्याचे शास्त्र

सागरी राखीव क्षेत्र म्हणजे समुद्राचा असा भाग, जिथे मासेमारी, उत्खनन, नांगर टाकणे किंवा सांडपाणी सोडणे अशा कृतींवर कायद्याने अथवा स्थानिक संमतीने कायमचे बंधन घातलेले असते. काही क्षेत्रांत फक्त विशिष्ट जाळ्यांना मनाई असते, तर काहींमध्ये कोणताही जीव बाहेर काढण्यास मनाई असते. या दुसऱ्या प्रकाराला ‘पूर्ण बंदी क्षेत्र’ म्हणता येईल. हंगामी मासेमारी बंदी ही यापेक्षा निराळी गोष्ट आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात जाता येत नाही, आणि कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून कोकणातला मच्छीमार नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी पाण्यात लोटत नसे. या विश्रांतीमुळे माशांना विणीचा काळ निर्वेध मिळतो, परंतु हंगाम उघडताच तेच मासे जाळ्यात येतात. मासा पूर्ण वाढावा, मोठा व्हावा आणि अनेक वर्षे अंडी घालत राहावा, इतका अवधी त्याला फक्त राखीव क्षेत्रातच मिळू शकतो.

मोठ्या माशाचे महत्त्व केवळ त्याच्या वजनात नसते, तर मादीचा आकार वाढतो तशी तिची अंडी घालण्याची क्षमता वजनाच्या प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक वेगाने वाढते. अटलांटिक महासागरातील कॉड या माशाबद्दल २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, ३० किलो वजनाची एक मादी जितकी अंडी घालते, तितकी घालायला २ किलो वजनाच्या सुमारे २८ माद्या लागतात, म्हणजे एकूण वजन ५६ किलोंच्या घरात जाते. ज्या समुद्रात मोठे मासे उरलेले नाहीत, तिथे मासळीचे एकूण वजन समाधानकारक दिसत असतानाही पुढच्या पिढीचे बीज कमी पडत जाते, आणि ही घट जाळ्यात दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

राखीव क्षेत्राचा लाभ त्याच्या सीमेबाहेर दोन मार्गांनी पोचतो. पहिला मार्ग म्हणजे आत दाटी झाल्यावर वाढलेले मासे आपोआप बाहेर सरकतात आणि सीमेलगत मासेमारी करणाऱ्याला मिळतात. दुसरा मार्ग अळ्यांचा आहे. बहुतेक सागरी मासे अंडी पाण्यात सोडून देतात, त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या प्रवाहाबरोबर दिवसचे दिवस वाहत जातात आणि जन्मस्थानापासून दूरच्या किनाऱ्यावर स्थिरावतात. न्यूझीलंडमध्ये ली या गावाजवळ १९७५ मध्ये स्थापन झालेले राखीव क्षेत्र जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे आहे, तरीही आसपासच्या सुमारे ४०० चौरस किलोमीटर समुद्रातून पकडलेल्या स्नॅपर माशांच्या पिल्लांची आनुवंशिक तपासणी केली असता त्यांतील सुमारे एक-दशांश पिल्ले या राखीव क्षेत्रातल्या माशांची संतती असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. एवढ्याशा राखलेल्या पाण्यातून एवढ्या मोठ्या परिसराला बीज पुरवले जाते, हे मालवणसारख्या लहान अभयारण्याच्या दृष्टीने फार आश्वासक आहे.

असे यश सर्वत्र मिळत नाही, याचेही कारण अभ्यासकांनी शोधले आहे. २०१४ मध्ये जगभरातील ८७ सागरी संरक्षित क्षेत्रांची तुलना करणारा एक अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यात पाच गुण निर्णायक ठरले: पूर्ण बंदी, तिची काटेकोर अंमलबजावणी, १० वर्षांहून अधिक वय, १०० चौरस किलोमीटरहून अधिक विस्तार आणि खोल पाण्याने किंवा वाळूने मिळालेले वेगळेपण. ज्या क्षेत्रांत यांपैकी एकच किंवा दोनच गुण होते, त्यांची अवस्था सर्रास मासेमारी चालणाऱ्या पाण्यापेक्षा वेगळी आढळली नाही, आणि अशीच क्षेत्रे निम्म्याहून अधिक होती. कागदावर घोषित झालेले क्षेत्र आणि पाण्यात जिवंत असलेले क्षेत्र यांतील अंतर हा या शास्त्राचा मुख्य विषय आहे, आणि मालवणकडे या पाच कसोट्या हाती धरूनच पाहिले पाहिजे.

सिंधुदुर्गाच्या पायथ्याचे पाणी

मालवण अभयारण्याचे क्षेत्रफळ २९.१२२ चौरस किलोमीटर असून त्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी केली तो सिंधुदुर्ग किल्ला, जवळचा पद्मगड आणि त्यांच्या भोवतीचे पाण्याखालचे खडक या गाभ्यात येतात. उरलेला पट्टा बफरचा आहे आणि मालवण बंदराजवळ त्याची हद्द किनाऱ्यापासून अवघ्या ५० मीटरवर येते. किल्ल्यासाठी ही जागा निवडताना जे खडक परक्या गलबतांना धोक्याचे म्हणून उपयोगी ठरले, तेच खडक सागरी जीवांना आधार देतात, कारण कोकणच्या वाळूच्या आणि चिखलाच्या तळावर घट्ट चिकटून राहण्याजोगी जागा मुळातच थोडी असते.

या खडकांवर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर विरळच दिसणारे प्रवाळ वाढतात. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ते सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक प्राणी स्वतःभोवती चुन्याचे कवच घडवतो आणि त्याच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल सूर्यप्रकाशातून अन्न तयार करून त्याला पुरवते. पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. या विरंजनाच्या घटना मालवणच्या पाण्यातही नोंदल्या गेल्या आहेत. लक्षद्वीपच्या नितळ पाण्यातील प्रवाळांच्या तुलनेत मालवणची प्रवाळे लहान आणि विखुरलेली आहेत, परंतु पावसाळ्यात नद्यांनी आणलेला गाळ, गढूळ पाणी आणि क्षारतेतील चढउतार सोसून ती टिकून आहेत, म्हणून अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचे मोल मोठे आहे. त्यांच्या आसपास समुद्री शैवालाची दाट वाढ होते, कपारींत गोबरा आणि तांबोशी आसरा घेतात, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात कालवे आणि शिनाणे खडकाला चिकटलेली असतात आणि मोकळ्या पाण्यात हंपबॅक डॉल्फिनचे कळप फिरतात.

या जागेवरचा ताण डोळ्यांदेखत वाढला आहे. किल्ल्याभोवती प्रवाळ पाहण्यासाठी पर्यटकांना पाण्यात उतरवण्याचा व्यवसाय मालवण-तारकर्लीत गेल्या दोन दशकांत झपाट्याने फोफावला. त्यातून स्थानिक तरुणांना रोजगार मिळाला आणि पाण्याखालच्या जगाबद्दल कुतूहल जागे झाले, हे खरेच आहे. मात्र होडी स्थिर करण्यासाठी टाकलेला लोखंडी नांगर प्रवाळावर पडला तर अनेक वर्षांची वाढ एका क्षणात तुटते, आणि उथळ पाण्यात उभे राहण्यासाठी टेकलेला पायही तेच नुकसान करतो. ठरावीक जागी तळाशी कायमची बांधलेली तरंगती बोयरी ठेवून होड्या तिला बांधणे हा यावरचा साधा आणि जगभर रूढ असलेला उपाय आहे, परंतु बोयरी कुठे ठेवायची, एका वेळी किती होड्यांना मुभा द्यायची आणि नियम मोडणाऱ्याला कोण अडवणार, हे ठरवायला त्या पाण्यावर कुणाचा तरी मान्य अधिकार असावा लागतो. मालवणमध्ये नेमकी याच अधिकाराची उणीव राहिली.

रापण आणि अधिसूचना

मालवणच्या किनाऱ्यावरील गाबीत समाजाची पारंपरिक मासेमारी म्हणजे रापण. लांबलचक जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात निघते, जाळे सोडत मोठा अर्धगोल घेते आणि दुसरे टोक घेऊन काही अंतरावर पुन्हा वाळूला लागते. मग दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा उभ्या राहतात, दोर खेचत पावले मागे टाकतात, आणि अर्धगोल हळूहळू लहान होत जाऊन बांगडा, तारली, पेडवे, सुंगटे अशी मासळी उथळ पाण्यात येते. मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा आणि ओढणाऱ्यांचा वाटा असा हिशेब रूढीने ठरलेला असतो, आणि मासळी बाजारात नेण्याचे काम प्रामुख्याने बायका करतात. हे जाळे वाळूच्या तळावरूनच ओढता येते, खडकावर ते फाटते, त्यामुळे प्रवाळाला त्याचा उपद्रव नाही. शिवाय किनाऱ्याजवळ जेवढा मासा येईल तेवढाच ते धरते, खोल समुद्रातील थव्यांचा पाठलाग करत नाही.

१९८७ ची अधिसूचना या समाजापर्यंत मनाईचा हुकूम म्हणून पोचली. ज्या पाण्यातून रोजची ये-जा, ज्या पुळणीवर रोजची रापण, तेच पाणी अभयारण्याच्या हद्दीत आल्यावर उद्या आपल्याला होडी काढता येईल का, हा प्रश्न पडणे रास्त होते. मच्छीमारांनी विरोध केला, तो विरोध अनेक वर्षे टिकून राहिला, हक्क निश्चित करण्याचे आणि व्यवस्थापन उभे करण्याचे काम दीर्घकाळ रेंगाळले, आणि परिणामी अभयारण्य घोषित असूनही त्याची राखण करणारा हात पाण्यावर क्वचितच दिसला. वर दिलेल्या पाच कसोट्यांपैकी वयाची कसोटी मालवणने केव्हाच पार केली आहे, पण पूर्ण बंदी आणि अंमलबजावणी या दोन्ही बाजू दुबळ्या राहिल्या, आणि विस्तार व वेगळेपण हे गुण या जागेला मुळातच नाहीत.

यातली खंत वाटण्याजोगी गोष्ट अशी की रापणकराचे हित आणि अभयारण्याचे हित यांत खरा विरोध फारसा नव्हताच. रापणीला खरा फटका बसला तो यांत्रिक ट्रॉलरमुळे आणि पर्ससीनमुळे. ट्रॉलर तळावरून जाळे फरफटत नेतो आणि बरोबर पिल्ले, अंडी, शिंपले असे सारे काही ओढून आणतो. पर्ससीनचे जाळे माशांच्या पूर्ण थव्याभोवती वर्तुळ टाकते आणि खालच्या कड्यांतून ओवलेली दोरी ओढली की बटव्यासारखे बंद होते, त्यामुळे किनाऱ्याकडे येणारा बांगड्याचा किंवा तारलीचा थवा वाटेतच संपतो. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ या कायद्याने ठिकाणानुसार ५ किंवा १० वाव खोलीपर्यंतच्या पाण्यात ट्रॉलरला मनाई केली (एक वाव म्हणजे सुमारे १.८ मीटर). पुढे डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घालून ती सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांपुरती मर्यादित केली, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या प्रखर प्रकाशाने मासे गोळा करून धरण्यास बंदी केली, आणि २०२१ मध्ये राज्याने १९८१ च्या कायद्यात दुरुस्ती करून दंडाच्या रकमा वाढवल्या. या निर्बंधांसाठी सर्वांत आग्रहाने लढले ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीचे पारंपरिक मच्छीमारच. ज्या समाजाने परक्या यांत्रिक नौकांपासून आपले पाणी वाचवण्यासाठी मोर्चे काढले, तोच समाज अभयारण्याचा सर्वांत भरवशाचा राखणदार ठरू शकला असता. त्याला सुरुवातीलाच विश्वासात घेतले गेले असते, तर चार दशकांचा इतिहास वेगळा लिहिला गेला असता.

अशी भागीदारी शक्य असते, याची उदाहरणे दूरचीही आहेत आणि जवळचीही. फिलिपिन्समधील आपो या छोट्या बेटावर सिलिमन विद्यापीठाच्या एंजल अल्काला यांनी १९८२ मध्ये गावकऱ्यांशी बोलून त्यांच्याच संमतीने प्रवाळाचा एक लहानसा भाग राखून ठेवला, आणि सरकारी मोहोर त्याला नंतर मिळाली. मेक्सिकोतील काबो पुल्मो येथे मासळी घटल्याने त्रस्त झालेल्या गावानेच संरक्षणाची मागणी केली. १९९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ ते २००९ या दशकात तिथल्या माशांचे एकूण वजन चारपटींहून अधिक झाले. कोकणात वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांना सोबत घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली, आणि ज्या गावात अंडी उकरून नेली जात होती, तिथे कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक दुरून येऊ लागले. डिसेंबर २०१८ मध्ये राज्य शासनाने असा निर्णय घेतला की कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी असा संरक्षित जीव जाळ्यात अडकल्यावर मच्छीमाराने त्याला सोडवण्यासाठी जाळे कापले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळेल. जाळे ही मच्छीमाराची भांडवली मालमत्ता असते, आणि तिची किंमत शासनाने मान्य केल्यावर जीव वाचवणे त्याला परवडू लागते.

सिंधुदुर्गातच संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने गेल्या दशकात राबवलेल्या प्रकल्पात ट्रॉलरच्या जाळ्याच्या शेपटाकडे ४० मिलिमीटरचा चौकोनी आस, म्हणजे जाळ्याचे छिद्र, वापरण्याचा प्रसार करण्यात आला. नेहमीचा तिरपा आस ताण पडला की मिटतो आणि लहान पिल्लेही आत अडकतात, तर चौकोनी आस ताणाखालीही उघडा राहतो आणि पिल्लांना निसटायला वाट मिळते. इतका लहान बदल मच्छीमाराने स्वतःच्या हाताने जाळ्यात केला, तर एखाद्या दूरच्या हुकुमापेक्षा त्याचा परिणाम कितीतरी अधिक टिकाऊ होतो.

कायद्याने दिलेल्या वाटा

मच्छीमारांच्या हिताचा विचार कायद्यात अजिबात नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. १९९१ मध्ये वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन अशी तरतूद झाली की देशाच्या प्रादेशिक समुद्रात, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत (सुमारे २२ किलोमीटर), अभयारण्य घोषित करताना त्याच्या सीमा नौदलाच्या मुख्य जलसर्वेक्षकाशी विचारविनिमय करून ठरवाव्यात आणि स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायहिताचे पुरेसे रक्षण आधी करावे. ही तरतूद मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी आली. म्हणजे मालवणमध्ये जी चूक झाली, तिचे उत्तर कायद्याने पुढे लिहून ठेवले. आता त्या उत्तराचा लाभ मालवणलाही मिळायला हवा.

२००२ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट खुली केली, ती ‘संवर्धन राखीव क्षेत्रा’ची. शासनाच्या मालकीच्या प्रदेशात असे क्षेत्र स्थानिक लोकांशी चर्चा करून घोषित करता येते, आत राहणाऱ्यांचे हक्क त्यामुळे बाधित होत नाहीत, आणि त्याच्या व्यवस्थापनासाठी स्थानिक प्रतिनिधी असलेली समिती नेमावी लागते. तामिळनाडूने सप्टेंबर २०२२ मध्ये पाल्क उपसागरातील ४४८ चौरस किलोमीटर समुद्र याच तरतुदीखाली डुगाँग या शाकाहारी सागरी सस्तन प्राण्यासाठी राखला. समुद्रगवताची कुरणे राखायची आणि मच्छीमाराचा हक्कही राखायचा, हा मेळ तिथे कायद्याच्या चौकटीत बसवला गेला, आणि मालवणच्या बफर पट्ट्यासाठी याच धर्तीची रचना विचारात घेण्याजोगी आहे.

किनाऱ्यापासून दूरच्या पाण्याचा प्रश्न आणखी वेगळा आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आंग्रिया बँक’ हे बुडालेले पठार आहे; त्याचा माथा पाण्याखाली सुमारे २० मीटरवर असून त्यावर विस्तीर्ण प्रवाळ पसरले आहे. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांनी तिथे मोहीम काढून त्याची पाहणी केली. विस्तार आणि वेगळेपण हे जे दोन गुण मालवणला नाहीत, ते आंग्रियाला निसर्गतः लाभले आहेत, परंतु ते १२ सागरी मैलांच्या पलीकडे असल्याने वन्यजीव कायद्यातील अभयारण्याची तरतूद तिथे पोचत नाही. त्यासाठी १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्र सरकारने ‘निर्दिष्ट क्षेत्र’ घोषित करण्याची वाट आहे, आणि महाराष्ट्राने तसा प्रस्ताव पुढे आणला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे भारतासह जगातील देशांनी २०३० पर्यंत ३० टक्के भूभाग आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणण्याचे उद्दिष्ट स्वीकारले. ते गाठायचे असेल, तर आंग्रियासारख्या जागांना वगळून चालणार नाही.

किनाऱ्यावर मात्र महाराष्ट्राने अलीकडे केलेले काम भरीव आहे. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले, २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्य कांदळवृक्ष ठरला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. कांदळवनाच्या मुळांत कोळंबीची, खेकड्यांची आणि अनेक माशांची पिल्ले वाढतात, म्हणून खाडी राखणे हेही समुद्रच राखणे आहे. या कामाचे वैशिष्ट्य असे की खेकडापालन, कालवेपालन आणि निसर्ग पर्यटन यांतून किनारी गावांना उत्पन्न देण्याची योजना संरक्षणाच्या जोडीने आखली गेली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिलांचा गट पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतो, आणि त्या गटाला खाडी राखण्याचे कारण बाहेरून शिकवावे लागत नाही.

विदर्भाने समुद्राला काय द्यावे

समुद्रापासून दूर असलेल्या नागपूरचा या विषयाशी संबंध केवळ कार्यालयापुरता नाही. शहरातून वाहणारी नाग नदी सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचाजवळ गोदावरीत विलीन होते. गोदावरीच्या मुखाशी आंध्र प्रदेशात कोरिंगा अभयारण्याचे विस्तीर्ण कांदळवन आहे. नागपूरच्या नाल्यात सोडलेले प्लॅस्टिक आणि रसायने यांतील काही भाग धरणांत अडतो, काही वाटेत साचतो, पण उरलेल्याची दिशा बंगालच्या उपसागराकडेच असते. माशांना सीमा घालून जाळ्यांपासून वाचवता येते. पाण्यातून येणाऱ्या विषापासून वाचवायचे असेल, तर नदीच्या उगमाकडच्या शहरांनाच आपले सांडपाणी शुद्ध करावे लागते. १९५८ मध्ये नागपुरात स्थापन झालेली आणि पुढे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नीरी, या नावाने प्रसिद्ध झालेली संस्था याच प्रश्नांवर काम करते, ही या शहराची मोठी जमेची बाजू आहे.

विदर्भाकडे देण्यासारखा आणखी एक अनुभव आहे आणि तो मालवणला सर्वांत उपयोगी पडेल. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि असा हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. ग्रामसभेत सर्वसंमतीने निर्णय घेणाऱ्या या गावाने हक्क मिळाल्यावर जंगल ओरबाडले नाही. किती बांबू तोडायचा, केव्हा तोडायचा आणि कुठला भाग राखायचा, याचे नियम ग्रामसभेने स्वतः केले आणि स्वतः पाळले. हक्क आणि जबाबदारी एकाच हाती आल्यावर राखण खर्चिक राहत नाही, हा मेंढ्याचा धडा समुद्रालाही लागू पडतो. रापणीच्या पाण्यावर रापण ओढणाऱ्यांच्या संघाचा सामूहिक हक्क लेखी मान्य करणे, त्याच्या मोबदल्यात गाभ्यातील ३.१८२ चौरस किलोमीटर पूर्णपणे मोकळे सोडण्याचा करार त्याच संघाशी करणे, ट्रॉलर व पर्ससीन यांना बफरबाहेर ठेवण्यासाठी शासनाने गस्ती नौका पुरवणे आणि किल्ल्याभोवतीच्या पर्यटनाच्या शुल्कातून त्या गस्तीचा खर्च भागवणे, अशी रचना आजच्या कायद्यांच्या चौकटीत बसू शकते.

न्यूझीलंडमधील लीच्या ५ चौरस किलोमीटर पाण्याने आपल्याहून कितीतरी मोठ्या परिसराला बीज पुरवले, हे लक्षात घेतले म्हणजे मालवणच्या गाभ्याकडून ठेवलेली अपेक्षा अवास्तव वाटत नाही. त्या गाभ्यात गोबऱ्याची आणि तांबोशीची मोठी मादी म्हातारी होईपर्यंत जगू शकली, तर तिच्या अळ्या देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या जाळ्यांना मासळी देऊ शकतील, आणि ज्या दिवशी मालवणचा मच्छीमार हे स्वतःच्या वाट्यात मोजू शकेल, त्या दिवसापासून अभयारण्याला विरोध करण्याचे कारण त्याच्याकडे उरणार नाही. १९८७ ची अधिसूचना रद्द करण्याची गरज नाही आणि ती तशीच पडू देणेही योग्य नाही. नागपूरच्या वनभवनातून एक शिष्टमंडळ मालवणला जावे, रापणकरांसमोर बसावे आणि हद्दींचा नकाशा त्यांच्यासोबत नव्याने आखावा, एवढी सुरुवात करण्यासाठी नव्या कायद्याचीही आवश्यकता नाही.